निशाणी कपबशी

२० मार्च २०२५

काल संध्याकाळी उपवास संपले! एकोणीस दिवस लॅबमध्ये लोकांचं उपाशीपोटीचं रक्त मी उपाशीपोटीच काढत होते. एका आजोबांनी तर मलाच विचारलं, "मॅडम, तुमची तब्येत बरी हाय ना?"

आज नवरोज, आम्हा बहाईंचं नवं वर्ष. लोसाच्या खोलीवर जमलो. खोली म्हणजे तानाबाईच्या पिठाच्या गिरणीमागची, पूर्वी पोती ठेवायची ती. अजूनही भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होते. लोसा सामोआची. तिकडे भर समुद्रातल्या बेटावर तिचं घर. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरभक्कम. वर्षभराच्या सेवेसाठी वरवट बकालला आली आणि मुलांच्या वर्गात, प्रार्थनासभेत अशी मिसळली की आता तिच्याशिवाय गिरणीमागची गल्ली ओळखू यायची नाही. मराठी ती इथल्या बायकांकडूनच शिकली. त्यामुळे पुस्तकी मराठी तिला येतच नाही. मागे पुण्याहून एक बहाई पाहुणे आले होते, त्यांना म्हणाली — "भाऊ, तुमी काय म्हनता ते मले समजूनच नाई राह्यलं." ते दिवसभर तिच्याकडे बघत होते!

प्रार्थना झाल्या, खाणं झालं. मग लोसा म्हणाली, "मी मे मंधी वापस जाऊन राह्यली. वर्ष झालं न."

जनकाबाईंनी लगेच विचारलं — "मंग प्रार्थना कुठी?"

प्रश्न सगळ्यांना कळला. ही खोली कोणाचीच नाही, हेच तिचं मोठेपण. आम्ही बहुतेक जणी विहाराकडच्या वस्तीतल्या. वरच्या गल्लीतून, पाटलांच्या घरातून, एकट्या जनकाबाई येतात. नातवाला वर्गाला सोडायला आल्या आणि बसायला लागल्या, मग आमच्यातल्याच झाल्या. इथे कोणाला कोणाच्या उंबऱ्याच्या आत जावं लागत नाही. लोसा गेली की खोलीही गेली.

मी मनात म्हटलं, मी आहे ना! आणि लगेच शंका आली — हा धीर आहे की मालकी?

२३ मार्च

"मी आहे ना" हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. त्यातला "मी" फार मोठा आहे.

३० मार्च

पाडवा. जनकाबाईंनी खोलीवर डबाभर पुरणपोळ्या आणल्या. लोसानं ताटातली संपायच्या आत पुढची मागितली. "आमच्या गावात हे कोनी बनवत नाई. अन्याय हाय!"

निघताना धम्मदीप — तो मुलांचा वर्ग घेतो, मोबाइलचं दुकान आहे त्याचं — गमतीनं म्हणाला, "ताई, पोळ्या खोलीवर येतात. आपण पोळ्यांच्या घरी कधी जायचं?"

मी हसले. जनकाबाईंच्या घरी मी दर महिन्याला जाते, त्यांच्या यजमानांची, गुलाबरावांची साखर तपासायला. बाहेर ओट्यावर खुर्ची मांडलेली असते. पाटील बाही वर करतात, मी सुई टोचते, "सांभाळा हो, गोड कमी करा" म्हणते, येते. कोणी कधी वाईट बोललं नाही. ओट्याच्या आत काय आहे ते मात्र मला माहीत नाही.

८ एप्रिल

आज आमची मेजवानी, दर एकोणीस दिवसांनी असते ती. आधी प्रार्थना, मग सल्लामसलत, मग खाणं. सल्लामसलतीत पक्कं झालं — रिझवानच्या, आमच्या बारा दिवसांच्या सणाच्या, पहिल्या दिवशी, म्हणजे २० तारखेला, गावाची पहिली आध्यात्मिक सभा निवडायची! नऊ जणांची. आमच्यात पुजारी नाही, महाराज नाही. जे ठरवायचं ते नऊ जणांनी मिळून. आता लोसानंतर काय, हेही सभाच ठरवेल. नियम मी वाचून दाखवले.

घरी आल्यावर यजमानांना, निवृत्तींना सांगितलं. हे बहाई नाहीत, पण माझ्या प्रत्येक बातमीवर मत असतं. मोटार रिवाइंडिंग करतात. हाताला वार्निश तसंच होतं.

"उमेदवार कोन कोन?"

"उमेदवार नसतात."

"मंग मत कोनाले द्याव?"

"आपल्यातले जेवढे प्रौढ आहेत त्यातली कुठलीही नऊ नावं लिहायची. उभं राहायचं नाही. प्रचार नाही. कोणाचं नाव घेऊन चर्चासुद्धा नाही. नवरा-बायकोतही नाही."

"अन् मतदाराले? चहा तरी?"

"चहा चालतो."

"निसता चहा! बाप्पा! हे तं तुह्या उपासाहून कडक झालं."

हसून हसून पुरेवाट. आणि मग आठवलं.

खोलीतून निघताना मी लोसाला म्हटलं होतं, "जनकाबाईंसारखी बाई सभेत हवी." जनकाबाई मागे चपला घालत होत्या. ऐकलं असेल का? ऐकलं असेल तर हा प्रचार झाला. नसेल ऐकलं, तरी झाला! नियम वाचून दाखवून तास झाला नव्हता.

११ एप्रिल

ऐकलं होतं.

स्टँडवर १४ तारखेच्या जयंतीचे निळे फलक लागताहेत. त्या रांगेत आज एक गुलाबी. जनकाबाईंचा कोणाच्या तरी लग्नातला फोटो, नथ घातलेला. शेजारी दुसरा फोटो गुलाबरावांचा, हात जोडलेला. मजकूर —

"आध्यात्मिक सभेच्या लोकप्रिय उमेदवार सौ. जनकाबाई यांना प्रचंड मतांनी विजयी करा! निशाणी — कपबशी. शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ, वरवट बकाल."

मतदार आम्ही सगळे मिळून सतरा!

मी उभीच राहिले. शेगावची गाडी आली आणि गेली. निवृत्ती मागून आले, वाचलं आणि फाट्यावरच्या दगडावर बसून डोळे पुसायला लागले. "कपबशी! चहा चालते म्हनून तूच तं म्हनली होती!"

लोसा आली. तीही हसली. मग बॅनरशेजारी उभी राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

"लोसा, हे गंभीर आहे."

"हाव, गंभीर हाय. पन फोटो लय चांगला हाय."

१२ एप्रिल

पाटलांच्या ओट्यावर गेले. साखर तपासायची तारीख नव्हती तरी बॅग नेली. म्हणजे बहाणा. तोही इथे लिहून ठेवते.

"पाटील, ते बॅनर काढावं लागेल."

"काऊन? ग्रामपंचायतीची परवानगी हाय माह्याकडं."

"आमच्यात प्रचार करत नाहीत."

"तुमी नका करू. म्या केला." पाटील अगदी खुशीत होते. "इरोधात कोन हाय तेवढं सांगा फक्त."

"विरोधात कोणीच नाही."

"मंग बिनइरोध! पयलेच काऊन नाई सांगतलं, मजकूर बदलला असता ना!"

"बिनविरोधही नाही. म्हणजे... सगळेच आहेत आणि कोणीच नाही." सांगता सांगता माझंच मला हसू आलं. ते चुकलं. पाटलांचा चेहरा बदलला.

"मॅडम, या घरातलं मानूस उभं राह्यलं अन् त्याचं बॅनर उतरलं, असं गावात आजवर झालं नाई. तुमच्या लोकाईले तिचा फोटो चालत नसन, तं तीबी नाई येनार. इषय संपला."

तुमच्या लोकाईले.

मी बॅग उचलली. पाटलांनी बाही वर केली. "आल्याच हा, तं पाहून घ्या."

साखर बरीच वाढलेली. रागानं वाढली असेल. म्हणजे मीच वाढवली.

१३ एप्रिल

प्रार्थनेला जनकाबाई नाहीत. नातूही वर्गाला नाही.

१४ एप्रिल

जयंती. पहाटेपासून वस्ती जागी. विहारात गेले, पांढरी साडी नेसून, दरवर्षीसारखी. खीर वाढायला उभी राहिले. लोसानं पंगतीत वाढलं आणि तिला बघायला वरच्या गल्लीतली पोरंही आली, तीही पंगतीत बसली. बरं वाटलं.

दुपारी लोसा, धम्मदीप आणि मी बोलायला बसलो. धम्मदीप म्हणाला, "ताई, उद्या जयंतीचे फलक उतरतील. त्यातच तेही उतरवून टाकतो. कोणाला कळणारही नाही."

मला पटलं! खरंच पटलं, अगदी मनापासून. म्हणून लिहिते आहे.

लोसा म्हणाली, "पाटलाले काय वाटते? का त्याची बायको उभी हाय. हे त्याले कोनी सांगतलं?"

"जनकाबाईंनी."

"तिले कोनी सांगतलं?"

ती हसत होती, पण सोडत नव्हती. "वंदनाताई, तिले कोनी सांगतलं वं?"

पाटलांना मी आमचे सगळे नियम समजावले. त्यातला एक मी मोडला, एवढंच सांगायचं राहिलं. जनकाबाई आता घरी बसल्या आहेत ते पाटलांमुळे नाही, माझ्यामुळे. आणि मी खीर वाढत होते आणि मनात पाटलांना नावं ठेवत होते. पाठीमागे निंदा करायची नाही, हा नियमही मीच वर्गात शिकवते.

१६ एप्रिल

काल लॅब सोडता आली नाही. (सोडता आली असती.) आज सकाळी गेले. बॅग नेली नाही.

"पाटील, जनकाबाईंचं नाव मी घेतलं. सभेत अशी बाई हवी, असं मी बोलले. आमच्यात ते चालत नाही. त्यांनी ऐकलं, तुम्हाला सांगितलं. त्यावरून त्या उभ्या आहेत असं कोणालाही वाटेल. चूक माझी."

पाटलांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हंजे माही चूक नाई?"

"नाही."

"जनकाचीबी नाई?"

"नाही."

"मंग हे चारचौघांत म्हना. बॅनर चारचौघांत हाय."

बरोबरच होतं त्यांचं. गिरणीवर दळणाची रांग होती, तिथे गेलो. पाटील पुढे, मी मागे. मी बोलायला लागले तर गिरणीच्या आवाजात काही ऐकू जाईना. तानाबाईनं खटका ओढून गिरणीच बंद केली — "थांबा वं! मॅडमले बोलू द्या!" एकदम शांतता. माझा आवाज पार स्टँडपर्यंत गेला असेल. तोंड तापलं, पण सगळं बोलले.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे केलं काय हिनं?"

"तोंडातून जनकाचं नाव निंगालं," तानाबाई.

"बस? येवढंच?"

"हाव, येवढंच."

"अन् त्याच्यासाठी गिरनी बंद केली? माही ज्वारी अर्धी अडकली ना वं मंधात!"

जो हशा झाला! पाटीलही हसले. मग त्यांनीच कोणाला तरी शिडी आणायला लावली आणि समोर उभं राहून बॅनर उतरवून घेतलं. घडी घालताना म्हणाले, "फ्लेक्स चांगलं हाय. गुरांच्या कुटाराच्या ढिगावर झाकाले होईन."

संध्याकाळी जनकाबाई प्रार्थनेला आल्या, नातवाला घेऊन. माझ्या शेजारी बसल्या. हळूच म्हणाल्या, "चूक कबूल. पन फोटो मले लय आवडला होता वं."

२० एप्रिल

निवडणूक झाली!

आधी प्रार्थना, मग शांत बसणं, मग प्रत्येकानं चिठ्ठीवर नऊ नावं लिहायची. जनकाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, एकेक अक्षर जपून काढतात. त्यांचं होईपर्यंत सगळे थांबलो. कोणी उसासासुद्धा टाकला नाही. मी कोणाला मतं दिली ते इथेही लिहिणार नाही. शंका मात्र लिहिते — ते बॅनर पाहिल्यावर माझं मत माझं राहिलं का? डोळे मिटले की कपबशी दिसायची.

बाहेर गिरणीच्या ओट्यावर गुलाबराव येऊन बसले होते. "मोजनीच्या वक्ती आपला मानूस पायजे," असं तानाबाईला म्हणाले म्हणे. खिशात गुलालाची पुडी!

मोजणी धम्मदीप आणि लोसानं केली. आठ नावं सरळ निघाली. नवव्या जागेवर दोन नावं, सारख्या मतांची. जनकाबाई आणि मी.

अशा वेळी एरवी त्या दोघांपुरतं पुन्हा मतदान होतं. पण त्याआधी एक नियम आहे. दोघांपैकी कोणी अल्पसंख्याक असेल, तर जागा त्याची. वाद न घालता. धम्मदीपनं नियम वाचला आणि मान वर केली. नियम सगळ्यांना कळला होता. अडचण अशी की आमच्या गावात हा शब्द पाटलांच्या घराबद्दल कोणी कधी वापरलेलाच नव्हता. सतरा जणांत वरच्या गल्लीतल्या एकट्या जनकाबाई.

मग मी म्हटलं, "जागा जनकाबाईंची." खरं लिहायचं तर लोसानं माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हटलं. मधला तो क्षण माझा चांगला नव्हता.

सगळे बाहेर आलो. पाटील उभे राहिले.

"आली का निवडून?"

"आल्या."

"कितीनं?"

"बरोबरी होती. त्या अल्पसंख्याक, म्हणून जागा त्यांना मिळाली."

"कोन अल्पसंख्याक?"

"तुम्ही," धम्मदीप म्हणाला.

"आमी?" पाटलांनी वळून मागे पाहिलं, जणू मागे दुसरं कोणी उभं आहे. "अर्ध्या शिवारात वावर हाय आमचं, अन् आमी अल्पसंख्याक?"

तानाबाईनं पदर तोंडात कोंबला. लोसा तर भिंत धरून हसत होती. जनकाबाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हाव जी. एकटीच तं हावो मी इथी."

"एकटी?"

"वर्षापासून."

पाटलांनी दारातल्या चपलांकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकीकडे. "अन् यायनं तुले काही बोललं नाई?"

"नाई जी. जागा देल्ली."

पाटलांनी गुलालाची पुडी काढली. "बरं, हरलं कोन? गुलाल पयले त्याच्यापासून लपवा लागते."

"मी," मी म्हटलं.

"कोनीच नाई!" लोसा ओरडली.

जनकाबाईंनी नवऱ्याच्या हातून पुडी घेतली आणि मूठभर गुलाल आधी माझ्या कपाळावर. निम्मा चष्म्यावर. मग लोसाला, मग सगळ्यांना. घरी आल्यावर निवृत्तींनी दार उघडून एकच विचारलं, "जिंकली का हरली?" मी आधी चष्मा धुतला.

२१ एप्रिल

वाईट वाटलं का? हो. गावाला सभा असावी म्हणून इतकी वर्षं धडपडले आणि सभेत मी नाही. सकाळभर टोचत होतं. दुपारी कळलं, आज सभेची पहिली बैठक आहे आणि तिची कसलीच तयारी मला करायची नाही!

झोपले. भर दुपारी, गाढ. असं शेवटचं कधी झोपले होते आठवत नाही.

२३ एप्रिल

पाटलांचा निरोप — साखर पाहायला या. गेले. ओट्यावर खुर्ची नव्हती. जनकाबाई दारात आल्या, "आत ये वं, उन्हात कायले उभी?"

आतली ओसरी लांबरुंद आहे. थंड. भिंतीशी सतरंज्यांची चवड. पाटलांनी बाही वर केली. म्हणाले, "सभेनं ठरवलं, प्रार्थना आता इथीच. दर वेळी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हनाव? अल्पसंख्याकाचं कोन आयकते!"

साखर आटोक्यात. जनकाबाईंनी चहा आणला, त्यांच्यासाठी बिनसाखरेचा, माझ्यासाठी साखरेचा. तिघांनी बसून घेतला.

२६ एप्रिल

जनकाबाई आमच्या घरी आल्या. सभेनं पाठवलं म्हणाल्या. लोसाच्या गावात मुलांच्या वर्गाला माणूस हवा आहे, सहा महिन्यांसाठी. सभेला वाटतं, मी जावं.

"मी? आणि इथलं?"

"तू इथी असली तं आमी सारं तुलेच इचारतो. मंग सभा कायले निवडली वं?"

मी विचार करते म्हटलं. अजून हो म्हटलेलं नाही. पण सामोआत आत्ता किती वाजले असतील, ते लोसाला जाऊन विचारून आले.